निकड कोणाची?

अब्बांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुने कागद चाळताना रजेचा एक अर्ज सापडला. ओतूरच्या शाळेत ते शिक्षक होते, तेव्हाचा. अर्जात लिहिले आहे, आई आजारी आहे, संगमनेरला जायचे आहे, चार दिवसांची रजा मिळावी. खाली वरिष्ठांची सही आणि इंग्रजीत एकच ओळ: 'एक्सिजन्सीज ऑफ सर्व्हिस'मुळे रजा नामंजूर.

दादी त्याच आठवड्यात गेली. ओतूरहून आळेफाटा, तिथे गाडी बदलून संगमनेर. अब्बा पोहोचले तेव्हा दफन उरकले होते. आपल्याकडे मय्यतीला थांबवून ठेवत नाहीत, हे वाचकांना सांगायला नको. बिगरमुस्लिम मित्रांसाठी सांगतो, की जनाज्याला उशीर करू नये अशी शिकवण आहे. अब्बांना कबरीची ओली माती दिसली, आईचा चेहरा दिसला नाही.

मी तेव्हा लहान होतो. तो इंग्रजी शब्द मला पुष्कळ वर्षांनी भेटला. शासकीय मराठीत त्याला 'निकड' म्हणतात: सेवेची निकड, प्रशासकीय निकड. शब्द चांगला आहे. निकड लावणे म्हणजे मागे लागणे. पण मूळ लॅटिन शब्द पाहिला तर त्याचा अर्थ आहे वसूल करणे, मागणे, हाकून बाहेर काढणे. इंग्रजीतला 'एक्झॅक्ट' त्याच घरचा. त्याचे आपल्याकडचे खरे भावंड 'निकड' नसून 'तगादा' आहे, असे मला वाटते. अरबी-फारसीतून आलेला हाच शब्द घरात दखनी बोलताना आपण 'तकाजा' म्हणून वापरतो, 'वक्त का तकाजा'. आणि कांद्याच्या बाजारात उचल घेतलेल्या शेतकऱ्याच्या दारात जो उभा राहतो, तो तगादा. दोन्ही एकच. घरात तो वेळेचा, बाजारात सावकाराचा.

हे इतके ताणून सांगायचे कारण असे. 'निकड' म्हटले की ती आभाळातून पडल्यासारखी वाटते, पाऊस पडावा तशी. 'तगादा' म्हटले की लगेच विचारता येते, कोणाचा? अब्बांच्या अर्जावर हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या आठवड्यात शाळेत काय अडले होते, हे त्या ओळीत नाही. परीक्षा होती का, तपासणी होती का, दुसरा शिक्षक नव्हता का? काहीच नाही. नियम तसा त्यांच्या बाजूचा होता. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 पाहा, रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि लोकसेवेच्या निकडीसाठी ती नाकारता येते. मला तक्रार नियमाची नाही. शाळा चालली पाहिजे, दवाखाना चालला पाहिजे. तक्रार आहे ती शब्द वापरून कारण लपवण्याची. बदल्यांच्या बाबतीत 2005 च्या कायद्याने निदान एवढे केले, की मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवायचे. पाळतात किती, तो वेगळा विषय.

आपल्या फिकहमध्ये या शब्दाचा बारकाईने विचार झालेला आहे. 'जरूर' हा शब्द मराठीने इतका आपलासा केला, की लग्नाला 'जरूर या' म्हणताना त्याचे वजन जाणवत नाही. अरबीत तो 'जरर' म्हणजे नुकसान, इजा, या शब्दाच्या मुळातला. जी गोष्ट न मिळाल्यास जीव जाईल किंवा मोठी हानी होईल, ती जरूरत. त्याखालची ती हाजत, म्हणजे जिच्यावाचून अडचण होते पण माणूस मरत नाही. त्याखाली सोय आणि शोभा. इमाम गजालींनी या तीन पायऱ्या मांडल्या, पुढे शातिबींनी त्या विस्ताराने समजावल्या. भुकेने मरणाऱ्याला हराम वस्तूही खाता येते, हे कुराणात आहे. पण हाव न धरता आणि हद्द न ओलांडता. आणि त्याने दुसऱ्याचे अन्न खाल्ले असेल तर? एकोणिसाव्या शतकात तुर्की साम्राज्यात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायदासंग्रहात उत्तर आहे, की लाचारीने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. जीव वाचला, आता भरपाई दे.

आता हे माप आपल्या सरकारांना लावून पाहा. 1894 च्या भूसंपादन कायद्यात सतराव्या कलमाखाली 'तातडी' म्हटले की शेतकऱ्याची हरकत ऐकून घेण्याचा टप्पाच गाळता येत असे. कारखान्याच्या, वसाहतीच्या जागेसाठीही हे कलम वापरले गेले. हाजतसुद्धा नसलेल्या गोष्टी जरूरतीच्या पायरीवर चढल्या. 2013 च्या कायद्याने ती वाट अरुंद केली: देशाचे संरक्षण, नैसर्गिक आपत्ती, नाहीतर संसदेची मंजुरी. शिवाय जादा 75 टक्के मोबदला. म्हणजे कायद्याला शंभरएक वर्षांनी तेच सुचले, तातडी खरी असेल तरी ज्याचे घेतले त्याचे देणे राहते.

25 जून 1975 च्या आणीबाणीबद्दल नव्याने काय सांगावे? 'अंतर्गत अशांतता' हे दोन शब्द, आणि 21 महिने. 1978 च्या घटनादुरुस्तीने ते शब्द काढून 'सशस्त्र बंड' घातले. एवढ्या मोठ्या प्रसंगातही दुरुस्ती कुठे झाली ते पाहा. कारण नेमके लिहा, इथेच.

कोणी म्हणेल, चार दिवसांच्या रजेची गोष्ट तू कुठल्या कुठे नेलीस. असेल. पण तोच शब्द गावातल्या मास्तरच्या अर्जावरही बसतो आणि देशावरही, हे मी काही ओढूनताणून आणलेले नाही.

अब्बा पुढे मुख्याध्यापक झाले. शिक्षकांच्या रजेवर शेरा मारायची पाळी त्यांच्यावर आली, आणि सगळ्यांना त्यांनी रजा दिली असेही नाही. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका गुरुजींनी मला सांगितले, की एकदा त्यांची रजा नामंजूर झाली होती. शेरा मराठीत होता: 'शनिवारी स्कॉलरशिपची परीक्षा आहे. आपल्याशिवाय गणिताला कोणी नाही. रविवारपासून आठ दिवस जावे.' त्याखाली सही. गुरुजी रविवारी पहिल्या एसटीने गेले.