पाडवा, पैठण आणि तोच फॉरवर्ड

पाडवा आला की मुलुंड ते बोरिवली तोच फॉरवर्ड फिरतो: पैठणच्या शालिवाहनाने शकांना हरवलं, त्या दिवसापासून शालिवाहन शक सुरू! (मातीच्या सैनिकांसकट.) शिकलेसवरलेले लोक आपण, पुढे ढकलण्याआधी लॉजिक तरी तपासा की राव.

ज्याने शकांना खरोखर लोळवलं, तो सातवाहन राजा गौतमीपुत्र. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचा लेख आहे. तारीख काय? राज्याचं १८वं वर्ष. मुलगा पुळुमावी? त्याचंही स्वतःचं १९वं. घरचीच कालगणना असती तर घरच्यांनी वापरली नसती? नाण्यांवर हा शक मोजत होते ते उज्जैनचे क्षत्रप, म्हणजे खुद्द शकच. इ.स. ५७८चा बदामीचा लेख तर सरळ शकराजाच्या राज्याभिषेकापासून वर्षं मोजतो. शालिवाहनाचं नाव चिकटलं ते हजारेक वर्षांनी.

‘पण अस्मितेचं काय?’ अहो, जोगळटेंभी आहे ना! १९०६ साली तिथे नहपानाची १३,०००हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय. शत्रूचंच नाणं, वर आपला शिक्का. याचा फॉरवर्ड मात्र मला आजवर एकदाही आलेला नाही.