कलेला जात नसते म्हणता, मग तालीम कुणाला मिळते?

दर डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला. देशविदेशातले रसिक येतात, आणि गाण्यासोबत एक वाक्यही हमखास ऐकू येतं : 'कलेला जात नसते.' आमचा आक्षेप या वाक्यावर आहे.

राधानगरीतल्या आमच्या बौद्ध वस्तीत गळा असलेली पोरं कमी नाहीत. १४ एप्रिलला भीमगीतं म्हणताना त्यांचा वरचा सूर ऐका. पण त्यांतलं एकही पोर त्या मंडपात गायला सोडा, ऐकायलाही गेलेलं आम्हाला माहीत नाही. रागदारी शिकायला पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर गाठायचं, तर एसटीचं भाडं, क्लासची फी आणि बुडालेली मजुरी. पुण्याचं तिकीट त्यानंतर. 'प्रवेश नाही' अशी पाटी कुणी लावत नाही. तिची गरजच उरलेली नाही.

सवाई गंधर्वांच्याच शिष्या गंगूबाई हनगल. गाणारणीच्या घरात जन्मलेल्या. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये त्या गांधीजींसमोर गायल्या तेव्हा वय अकरा. जेवणानंतर आपल्याला उष्टी उचलायला लावतील, ही धास्ती तेव्हा मनात होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. गळा व्यासपीठावर चालत होता. माणूस पंगतीत चालेल याची खात्री नव्हती. कलेला जात नसेलही, कलाकाराला होती.

आमच्या कोल्हापूरचंच बघा. उस्ताद अल्लादिया खाँ इथे दरबारी गायक होते. त्यांची तालीम घेऊन मोठ्या झालेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. म्हणजे ज्या समाजाच्या बायकांना सभ्य घरं उंबऱ्याबाहेर ठेवत होती, त्यांनीच हे गाणं जिवंत ठेवलं. साथीचा तंबोरा मिरजेच्या शिकलगारांच्या हातचा. तबल्याची पुडी चामड्याची, आणि चामडं कमावणाऱ्याला गावाने विटाळ मानलं. त्याच चामड्यावर थाप मारून कुणी पंडित झाला, आणि वेशीबाहेरचा हलगीवाला शिळ्या भाकरीचा धनी राहिला. एकाची लय शास्त्र, दुसऱ्याची गावकीचं काम. हा फरक सुरांनी केला की समाजव्यवस्थेने?

यावर आपलीच काही माणसं म्हणतात, 'ते बामणांचं गाणं, सोडून द्या.' आम्हाला हे मान्य नाही. उस्तादांनी, कलावंतिणींनी, कारागिरांनी घडवलेली इस्टेट आपण परक्याच्या नावावर का करून द्यायची? बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. वामनदादा कर्डकांची गाणी आमच्या रक्तात आहेत आणि राहतील. पण भीमगीत गाणाऱ्या पोरीने यमन शिकू नये, असा नियम कुणी केला?

'गुणवत्ता असेल तर कुणीही पुढे येतं,' हे आणखी एक ठेवणीतलं उत्तर. गुणवत्ता तालमीवर वाढते, आणि तालमीला वेळ, पैसा, गुरू लागतो. घरात तीन पिढ्या गाणं ऐकलेल्या मुलाला हे सांस्कृतिक भांडवल जन्मतःच मिळतं. आमच्या पोराला ते कोण देणार?

उत्तर शाहू महाराजांनी देऊन ठेवलंय. राधानगरीचं धरण त्यांनी बांधायला घेतलं, १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि खाँसाहेबांनाही त्यांनीच राजाश्रय दिला. पाणी, नोकरी आणि गाणं, तिन्ही त्यांनी राज्याची जबाबदारी मानली. आज त्यांचं नाव घेणारं सरकार गाण्याला मात्र ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर सोडतं.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात पगारी संगीत शिक्षक, पेटी आणि तबला द्या. तालुक्याच्या गावी मोफत वर्ग सुरू करा. आणि सवाईसारख्या महोत्सवांनी वसतिगृहातल्या मुलामुलींसाठी दरवर्षी ठराविक जागा राखाव्यात, त्याही मागच्या कोपऱ्यात नकोत. ज्यांच्या घरात तंबोरा कधी आला नाही, अशा मुलांना शिष्यवृत्ती द्यावी आणि तयार होतील तेव्हा मंचावर बसवावं.

हे झालं की मग खुशाल म्हणा, कलेला जात नसते. आम्हीही तुमच्या सुरात सूर मिसळू. तोवर ते वाक्य जपून वापरा.

जय भीम!