२६ नोव्हेंबरचा तास

दर वर्षी २६ नोव्हेंबरला महाराष्ट्रातील शाळांच्या परिपाठात राज्यघटनेच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते. १९४९ साली याच तारखेला संविधानसभेने भारताची राज्यघटना स्वीकृत केली होती. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी २००८ साली मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यातील मृतांसाठी दोन मिनिटे मौन पाळले जाते. दोन्ही कार्यक्रम उरकले, त्यांची छायाचित्रे काढून वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना झाली, की घंटा होते आणि गणिताचा तास सुरू होतो. वर्गात बसलेल्या एकाही मुलाला ती रात्र आठवत नाही. आठवणार तरी कशी? त्या रात्री जन्मलेले मूलसुद्धा आता दहावी ओलांडून गेले आहे. शिक्षकाला मात्र सारे आठवते. दूरचित्रवाणीवर तीन दिवस चाललेले ते थैमान त्याच्या डोळ्यांपुढून अद्याप हललेले नसते. त्याची आठवण आणि विद्यार्थ्याचे अज्ञान यांच्यामध्ये दोन मिनिटांचे मौन उभे असते, आणि मौनातून कुणी काही शिकल्याचे ऐकिवात नाही.

या हल्ल्यापासून राज्ययंत्रणा काहीच शिकली नाही असे म्हणता येणार नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा संमत झाला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र मुंबईत आले व राज्याचे ‘फोर्स वन’ हे पथक उभे राहिले. सागरी गस्तीची फेरआखणी झाली. पोलिसांच्या उणिवांची राम प्रधान समितीने तपासणी केली. या उपायांचे यशापयश हा स्वतंत्र विषय आहे. शस्त्रांच्या बाबतीत जेवढा विचार झाला, त्याचा शतांशही विचार शाळांच्या बाबतीत झाला नाही, एवढे मात्र निश्चित.

परिणाम असा की विद्यार्थ्याच्या मनातील २६/११ म्हणजे ताजमहाल हॉटेलच्या घुमटातून निघणाऱ्या ज्वाळा. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. या हल्ल्यात १६६ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी ५८ जण छत्रपती शिवाजी टर्मिनसवर. म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक माणसे लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत, सामानावर डोके टेकून बसलेली होती. गावी निघालेले मजूर, बायका, मुले. कॅमेरे तेथे फार काळ थांबले नाहीत. स्मरणालाही एक वर्गव्यवस्था असते, आणि ती दूर करणे हे इतिहास शिकवणाऱ्याचे पहिले काम होय.

त्याच स्थानकावर विष्णू झेंडे हे उद्‌घोषक आपल्या कक्षात बसून, समोर गोळीबार चालू असताना, प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले. तेथून जवळच असलेल्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिकेने प्रसूतिकक्षातील २० गरोदर स्त्रियांना एका लहानशा खोलीत नेऊन दार लावून घेतले. २०२२ च्या डिसेंबरात याच कुलथे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकीकत सांगितली. गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असलेल्या सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली व गोळ्या अंगावर झेलल्या. म्हणूनच तो जिवंत हाती लागला. नरिमन हाऊसमध्ये दोन वर्षांच्या एका ज्यू बालकाला त्याच्या भारतीय दाईने उचलून बाहेर आणले. स्नेहसंमेलनात या प्रसंगांचे नाट्यीकरण होते, पार्श्वभूमीला देशभक्तिपर गीत वाजते आणि सारी मंडळी एकाएकी अलौकिक होऊन जातात. वस्तुतः त्यांच्यापैकी प्रत्येक जण आपली नेहमीची पाळी करीत होता. उद्‌घोषकाने उद्‌घोषणा केली, परिचारिकेने रुग्ण सांभाळले. विद्यार्थ्याला पेलण्याजोगा भाग नेमका हाच आहे, आणि आरतीच्या गजरात तोच हरवतो.

या दिवशी उद्देशिका व श्रद्धांजली यांचा योगायोगाने मेळ बसला आहे, परंतु शाळांतून ते दोन वेगळे विधी म्हणून पार पडतात. ज्याला ‘न्याय’ हा उद्देशिकेतील शब्द समजावून सांगायचा आहे, त्याच्यासाठी कसाबवरील खटल्याइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही. ज्याने केलेली हत्या कॅमेऱ्यात टिपली गेली होती, त्याचा बचाव करण्यास सुरुवातीला वकील मिळेना. वकिलांच्या एका संघटनेने तसा ठरावच केला होता. तरीही न्यायालयाने त्याला वकील दिला, साक्षीपुरावे नोंदविले, उलटतपासणी होऊ दिली. नऊ वर्षांची असताना पायात गोळी लागलेली एक मुलगी २००९ साली साक्षीला उभी राहिली आणि तिने आरोपीला ओळखले. विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी मे २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. आणि त्याच निकालात, त्याच्याबरोबर खटला भरलेल्या दोघा भारतीयांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. ही सुटका उच्च न्यायालयातही टिकली आणि सर्वोच्च न्यायालयातही. साऱ्या शहराला सूड हवा होता अशा काळात, ज्यांच्याविरुद्ध पुरावा पुरेसा नाही त्यांना सोडणारे न्यायालय या देशात आहे, ही गोष्ट दहावीच्या मुलाला कुणी सांगते काय?

दुसरी अशीच एक हकीकत. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन करण्यास मुंबईच्या बड्या कब्रस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. ज्यांनी निरपराधांची कत्तल केली त्यांना इस्लामचे अनुयायी मानता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयात पडून होते. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने त्यांचे गुप्तपणे दफन केले. मृतांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती व ज्यू होते. या गोष्टी वर्गात उच्चारल्याच गेल्या नाहीत, तर मौनाच्या दोन मिनिटांत काही नजरा मागच्या बाकावरील एखाद्या मुसलमान विद्यार्थ्याकडे वळतात. तो मान खाली घालून उभा असतो. त्या मुलाचे काय होते, याचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही.

याचा अर्थ, शांततेच्या नावाखाली गुन्हेगाराचे नाव गिळून टाकावे असा मुळीच नाही. हल्लेखोर लष्कर-ए-तय्यबाचे होते, त्यांचे प्रशिक्षण पाकिस्तानात झाले, आणि तेथे बसलेले सूत्रधार दूरध्वनीवरून क्षणाक्षणाला त्यांना आज्ञा देत होते, हे न्यायालयात सिद्ध झालेले सत्य आहे. ते झाकणारे शांतिशिक्षण मुलांना ढोंगी वाटेल, आणि तसे वाटणे रास्तच ठरेल. नॉर्वेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २२ जुलै २०११ रोजी तेथील एका अतिउजव्या माथेफिरूने ऑस्लोत स्फोट घडवून ८ व उटोया बेटावरील युवक शिबिरात गोळीबार करून ६९ जणांचे प्राण घेतले. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी अधिक लोकशाही, अधिक खुलेपणा असे उत्तर दिले आणि जगाने त्यांचे कौतुक केले. पुढे वाचलेल्या तरुणांपैकीच अनेकांनी तक्रार केली की गुलाबपुष्पांच्या त्या एकजुटीत मारेकऱ्याच्या विचारसरणीची झाडाझडती राहूनच गेली. दुःखावर सारे बोलले. द्वेष कोठून आला यावर बोलणे अवघड ठरले.

तरीही त्या देशाने शिक्षणाचे काम टाळले नाही. ज्या सरकारी इमारतीपुढे स्फोट झाला तिच्याच तळमजल्यावर २०१५ साली ‘२२ जुलै केंद्र’ उघडण्यात आले व तेथे शाळांचे वर्ग येऊ लागले. उटोयावरील ज्या उपाहारगृहात १३ मुले मारली गेली, ते पाडावे की ठेवावे यावरून मृतांच्या नातलगांत तीव्र मतभेद झाले. अखेर त्या वास्तूचा भाग जपून तिच्याभोवती लाकडी घर बांधले गेले. आतील ६९ खांब मृतांचे आणि बाहेरच्या कुंपणाचे ४९५ खांब वाचलेल्यांचे. तेथे तरुण मुले येऊन लोकशाहीवर चर्चा करतात. स्मारक म्हणजे चौथरा, पुष्पचक्र आणि मंत्रिमहोदयांची गाडी, हे समीकरण डोक्यात बसलेल्या समाजाला ही कल्पना विचित्र वाटेल. पण मुंबईतील ज्या जागांवर हे घडले त्या आजही नांदत्या आहेत. स्थानकावरून रोज लाखो माणसे जातात. तेथे एखादा वर्ग नेण्यासाठी बांधकामाची गरज नाही.

शिक्षणाच्या सामर्थ्याविषयी भाबडेपणाही नको. कसाबची शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली होती, एवढ्यावरून शाळा असती तर तो तसा झाला नसता, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अशिक्षित नव्हता आणि नॉर्वेचा मारेकरी एका सुखवस्तू, सुशिक्षित देशात वाढलेला होता. शाळा दहशतवाद थांबवू शकत नाही. हल्ल्यानंतर समाज कसा वागेल, अफवा ऐकल्यावर शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहील, हे मात्र बऱ्याच अंशी शाळेत ठरते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले, कारण ती दृश्ये पाहूनच सूत्रधार आपल्या माणसांना सूचना देत होते. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा हा परिच्छेद नागरिकशास्त्राच्या तासाला वाचून दाखविण्यासारखा आहे.

शिक्षकांच्या डोक्यावर कामाचे ओझे आधीच पुष्कळ आहे, आणि आणखी एक परिपत्रक काढले तर त्याचेही छायाचित्रच तेवढे वर जाईल. त्यापेक्षा त्या दिवशीचा एक तास मोकळा सोडावा. न्यायमूर्ती आफताब आलम व चंद्रमौली कुमार प्रसाद यांच्या खंडपीठाचे ते निकालपत्र सर्वांना उपलब्ध आहे; ते इंग्रजीत आहे आणि लांबही आहे. त्यातील साक्षी, बचाव, दोघांची सुटका आणि वाहिन्यांवरील ताशेरे यांचा वीस-पंचवीस पानांचा सुबोध मराठी गोषवारा एखाद्या शिक्षक संघटनेने वा अध्यापक विद्यालयाने तयार करून शाळांना दिला, तर पुढील २६ नोव्हेंबरला मौन संपल्यावर वर्गात वाचायला काहीतरी हाती असेल.