वजन उतरते आहे, गोळीचे काय?

मधुमेहाचे निदान झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे बहुतेक घरांत सारखेच जातात. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, पहाटेचे फिरणे सुरू होते, शेजारच्या काकू मेथीदाण्याचे पाणी सुचवतात, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीकडे मात्र सारे घर संशयाने पाहते. ‘एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही’ हे आपणही ऐकले असेल. मग मनोमन संकल्प होतो की वजन उतरवायचे आणि गोळी सोडून द्यायची. संकल्प उत्तम आहे. तो डॉक्टरांना न सांगता पार पाडण्याची घाई तेवढी घातक आहे.

निदानापूर्वीच, काही न करता आपले वजन झरझर घटले असेल आणि सोबत तहान व वारंवार लघवी असेल, तर त्यात समाधान मानू नये. इन्सुलिन अपुरे पडल्यामुळे शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळत असते. अशा वेळी उपास नव्हे, औषध हवे. कधी काही काळ इन्सुलिनही घ्यावे लागते.

प्रयत्नपूर्वक उतरवलेल्या वजनाची गोष्ट निराळी. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ लोटलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांच्या एका गटाला काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचाच द्रवाहार देण्यात आला. वर्षअखेर त्या गटातील ४६ टक्के लोकांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी मात्र गटाचा आकडा ३६ टक्क्यांवर आला. यकृत आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी ओसरली की इन्सुलिनचे काम पुन्हा रुळावर येते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. या अभ्यासातही गोळ्या बंद झाल्या, पण त्या डॉक्टरांनी, ठरवून, आहार सुरू होताना बंद केल्या आणि साखरेवर सतत लक्ष ठेवले. घरातल्या घरात केलेल्या प्रयोगात नेमके हेच राहून जाते.

‘पण मी कुठे जाड आहे?’ असे आपल्यापैकी काही जण विचारतील. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपलेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्याइतकेच मोजपट्टीलाही महत्त्व द्यावे. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. सडसडीत हातापायांच्या माणसालाही पोटावरचे चार-पाच किलो उतरवून लाभ होऊ शकतो.

आता गोळ्यांकडे वळू. मेटफॉर्मिन एकटी घेतली असता साखर धोकादायकरीत्या सहसा उतरत नाही. आरंभी पोट बिघडते, म्हणून ती जेवणासोबत घ्यावी; दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, बी-१२ तपासून घ्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीची तऱ्हा वेगळी. आपण जेवला आहात की नाही हे ती पाहत नाही. ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच. सकाळी ही गोळी घेऊन दुपारचे जेवण टाळले, वर संध्याकाळी तासभर चालून आलात, तर दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, क्वचित बेशुद्धी ओढवू शकते. असे वाटताच शक्य असल्यास साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल किंवा मोजण्याची सोयच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. पथ्य म्हणून वरच्या फळीवर गेलेला डबा अशा वेळी हाताशी हवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कडक उपास वा भाकरी-भात संपूर्ण बंद करणे डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळीचाही विसर नको, कारण वजनाबरोबर रक्तदाबही उतरतो आणि उठताना भोवळ येऊ लागते. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा सध्या बराच गाजावाजा आहे. ती परिणामकारक आहेत. मात्र ती थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. डाळ, उसळ, दही, अंडी यांचा वाटा आणि स्नायूंचा व्यायाम यांकडे तेव्हा दुर्लक्ष करू नये.

म्हणून आहार बदलण्याआधीच, सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि थेट विचारावे, ‘जेवण निम्मे केले तर यातली कोणती गोळी आधी कमी करायची?’ औषधे थांबवून तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली असेल, तर मधुमेह माघारला असे म्हणतात. त्यानंतरही ही तपासणी वर्षातून निदान एकदा करावी, आणि तिच्यासोबत मूत्रपिंड, पाय व डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा.