वळ कोणाच्या पाठीवर?

बोलणारे प्राणी मुलांना फार आवडतात. १९४० साली अमेरिकेत जन्मलेला बग्ज बनी हा ससा तर गाजर चघळीत शिकाऱ्याची अशी फजिती करतो, की हसता हसता पुरेवाट व्हावी. मात्र अशा व्यंगपटांत डोक्यात हातोडा बसला तरी कोणाला वेदना होत नाहीत. चपटा झालेला प्राणी क्षणात उठून धावू लागतो. गंमत खरी, पण अपुरी.

ज्ञानदेवांनी पैठणास पखालीच्या रेड्यामुखी वेद वदविले, अशी परंपरेची कथा आहे. लोकांना नवल वाटते ते त्या वेदांचे. वास्तविक त्याआधीचाच प्रसंग मोठा : आसूड ओढले रेड्यावर आणि वळ उमटले ज्ञानदेवांच्या पाठीवर! पुढे ही भावंडे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशास आली. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

त्याच नेवासे तालुक्यात गळिताच्या हंगामात उसाने लादलेल्या बैलगाड्या अजून चालतात. त्यांचे बैल वेद म्हणत नाहीत, की विनोदही करीत नाहीत. चाबूक बसला, की मान खाली घालून ते पुढचे पाऊल टाकतात.