तोतयाची परीक्षा

मंडळी, आजचा विषय वाचून लातूरच्या आमच्या मेहुण्यांना वाटेल, मास्तर आता कॉम्प्युटरमध्येही नाक खुपसायला लागले. खुपसतोच! विषय नावापुरता कॉम्प्युटरचा आहे. मुळात तो परीक्षा घेण्याचा आहे, आणि पेपर काढण्यात नि तपासण्यात माझी तेहतीस वर्षं गेली.

तर झालं असं. माझी नात पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. ही पोरं आपल्याच प्रोग्रामच्या एकेका लहान तुकड्याची चाचणी लिहितात, तिला युनिट टेस्ट म्हणतात. तिच्या टीमच्या प्रमुखांचा हुकूम असा, की चाचणी लिहिताना क्लासमधल्या प्रायव्हेट मेथडसुद्धा मॉक करायच्या. म्हणे प्रत्येक मेथड सुटी तपासली पाहिजे. हा हुकूम साफ चुकीचा आहे. का, ते एसटीच्या तिकिटावरून सांगतो.

समजा 'तिकीट' नावाचा क्लास आहे. बाहेरच्यांनी त्याला एकच विचारायचं, भाडं किती? ही पब्लिक मेथड. वय बघून सवलत ठरवणं हे त्याचं आतलं, घरातलं काम. ती प्रायव्हेट. आता ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि त्याखाली ६५ पर्यंत निम्मं तिकीट. लिहिणाऱ्यानं आत '७५ किंवा जास्त'च्या ऐवजी '७५ पेक्षा जास्त' असं लिहून ठेवलं. चूक केवढी, तर एका चिन्हाची. पण माझ्यासारखा नेमका पंच्याहत्तरीतला माणूस नांदेडहून लातूरला निघाला, तर समजा दोनशेचं तिकीट असेल, त्याच्याकडून शंभर रुपये घेतले जाणार.

आता ह्यांची चाचणी पाहा. मॉक म्हणजे सरळ मराठीत तोतया. सवलत ठरवणारी खरी मेथड बाजूला बसवली, तिच्या जागी तोतया उभा केला आणि त्याला पढवलं, की कुणी काही विचारलं तरी 'पूर्ण सवलत' एवढंच म्हण. मग चाचणी विचारते, पंच्याहत्तरच्या माणसाचं भाडं किती? तोतया म्हणतो पूर्ण सवलत, क्लास म्हणतो शून्य, आणि पडद्यावर हिरवा दिवा. चुकलेली ओळ चाललीच नाही हो! म्हातारा बसमध्ये कंडक्टरशी भांडतोय आणि इकडे सगळे पास.

लातुरात 'मॉक टेस्ट' म्हटलं की नीटची तयारी करणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. त्यात पेपर लुटुपुटुचा असतो, पण सोडवणारं पोर खरं असतं. इथं पेपर खरा आणि पोराच्या जागी बुजगावणं.

मॉकवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी मॉक ऑब्जेक्टवरचा निबंध मांडला, तेव्हापासून ही युक्ती रूढ झाली, आणि ती उपयोगाची आहे. तिकिटाचे पैसे बँकेकडून वळते व्हायचे असतील तर चाचणीच्या वेळी खरी बँक कशाला हवी? तिथं खुशाल तोतया उभा करा. पण बँक बाहेरची आहे. स्वतःचाच उजवा हात काढून लाकडी बसवायचा नि मग अक्षर तपासायचं, ह्याला काय म्हणावं?

दुसरी गोष्ट. उद्या नातीनं आतली मांडणी बदलली, एका प्रायव्हेट मेथडच्या दोन केल्या, नाव बदललं, भाडं मात्र पैशापैशानं तेच निघतंय. तरी ह्या चाचण्या धडाधड पडणार, कारण त्या उत्तराला बांधलेल्या नाहीत, आतल्या नावाला बांधलेल्या आहेत. गणिताचं उत्तर बरोबर, रीतही बरोबर, पण गाइडातली रीत नाही म्हणून शून्य देणारे गुरुजी मी पाहिलेत. पोरं मग गणित करणं सोडून गाइड पाठ करतात. इथं पोरं कोड सुधारायचंच सोडून देतात. "आजोबा, हात लावायला भ्या वाटायलंय," असं ती म्हणाली, तेव्हा मला खरा राग आला. आतलं आत ठेवावं, म्हणजे बाहेर धक्का न लावता ते बदलता येतं, हे डेव्हिड पारनास यांनी १९७२ सालीच लिहून ठेवलंय. ती सोय ह्या चाचण्या काढून घेतात.

जावाचं मॉकिटो नावाचं साधन आहे, ते प्रायव्हेट मेथड मॉक करूच देत नाही. करणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलंय. मग लोक पॉवरमॉक आणतात, जे तयार झालेला बाइटकोडच चाचणीपुरता बदलतं. कुलूप लावलेलं दिसलं की पहार आणायची!

प्रमुखांचं उत्तर ठरलेलं : "आतली मेथड फार मोठी आहे, ती डेटाबेसला हात घालते, मग काय करणार?" अहो, मग ती आतली राहिलीच कुठं? संयुक्त कुटुंबात एका भावाचा संसार एवढा वाढला की त्याची चूल वेगळी मांडतात. तिचा वेगळा क्लास करा, तो बाहेरून हातात द्या, आणि मग त्याचा तोतया करा, माझी ना नाही. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या पुस्तकात हाच रस्ता दाखवलाय : प्रायव्हेट मेथड तपासायची गरज भासली, तर बहुधा क्लासच प्रमाणाबाहेर कामं करतोय.

राहता राहिला जुना, चाचणीच नसलेला कोड. तो फोडायला घेण्याआधी तात्पुरता आधार म्हणून असा तोतया उभा करावा लागतो, हे मला मान्य आहे. विहीर खोदतानाही कडेला लाकडं लावतातच. फक्त ती काढायची कधी, ते आधी ठरवावं. नातीच्या ऑफिसात अशा 'तात्पुरत्या' चाचण्या तिच्या नोकरीच्याही आधीपासून आहेत. काढायची तारीख परवा फोनवर विचारली. अजून ठरायचीय म्हणे.