टेपा पुसणारे मालक, आणि वही लिहिणारा चोर?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा माझ्या टेबलावर एक जुनं इंग्रजी पुस्तक पडलं होतं. 'द डॉक्टर हू प्रोग्रॅम गाइड', १९८१ सालचं. ओळखीचे एक प्राध्यापक आले, त्यांनी उचललं, चार पानं चाळली आणि म्हणाले, "पत्रकारसाहेब, देशात काय चाललंय, आणि तुम्ही सीरियलचं गाइड वाचताय?"

आता आपल्याकडे गाइड म्हटलं की दहावीचं गाइड. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं आणि निकालानंतर रद्दीत घालायचं. त्यामुळे सरांचा दोष नाही. पण तेव्हा चहा गार होत होता म्हणून जे बोललो नाही, ते आज इथे बोलतो.

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला. आणि ज्या बीबीसीचं नाव आपण पत्रकारितेच्या वर्गात हात जोडून घ्यायचो, त्या बीबीसीने साठ आणि सत्तरच्या दशकांत या मालिकेच्या टेपा पुसल्या. टेप महाग, पुसून पुन्हा वापरता येते. कलाकारांच्या संघटनेशी असलेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवायला मर्यादा. रंगीत टीव्ही आल्यावर काळं-पांढरं कोण बघणार, हाही हिशेब होताच. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म होत्या, विक्रीची मुदत संपल्यावर त्याही नष्ट केल्या. १९७८ च्या सुमाराला हा प्रकार थांबला. आजही साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग चित्रासह कुठेच नाहीत.

पण गंमत बघा. या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज आहे. कुणी ठेवला? तर शाळकरी पोरांनी. घरच्या टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीच्या स्पीकरसमोर धरून, "आई, आता बोलू नको" म्हणत. कुठला भाग कधी लागला, कुणी लिहिला, त्यात कोण होतं, हे वह्यांत उतरवून ठेवणारेही असेच लोक. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस गावच्या टीव्ही केंद्रात नऊ हरवलेले भाग सापडले. असं काही सापडलं, की हे कुठल्या कथेचे कितवे भाग हे कळायला आधी यादी लागते. काय हरवलंय याचीच नोंद नसेल, तर शोधायचं काय? प्राध्यापक महाशय ज्याला सीरियलचं गाइड म्हणाले, ती ही नोंद.

अमेरिकेतलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 'स्टार ट्रेक'. १९६६ ते १९६९, एकूण ७९ भाग. दुसऱ्या हंगामात मालिका बंद पडणार अशी हवा झाली, तेव्हा बीजो ट्रिम्बल आणि त्यांचे यजमान जॉन यांनी प्रेक्षकांकडून पत्रं लिहून घेण्याची मोहीम चालवली. एनबीसीकडे लाखाच्या वर पत्रं गेली. १ मार्च १९६८ च्या रात्री वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं, की मालिका चालू राहणार. त्याच सुमाराला डोरोथी जोन्स नावाच्या एक बाई प्रत्येक भागातली पात्रं, ग्रह, यंत्रं, नावं कार्डांवर टिपून ठेवत होत्या. व्हिडिओ कॅसेट नाही, पॉज नाही, रिवाइंड नाही. एकदा नजरेखालून गेलं की गेलं. त्या कार्डांमधून १९६९ मध्ये चाहत्यांनी स्वतःच 'कॉन्कॉर्डन्स' छापली आणि १९७६ मध्ये बॅलंटाइनसारख्या मोठ्या प्रकाशकाने ती बाजारात आणली. मुखपृष्ठावर फिरवायची चकती होती, भाग शोधायला. काम आधी चाहत्यांनी केलं, धंदा नंतर दिसला.

आता येतो रागाचा मुद्दा.

धंदा दिसला की मालक जागा होतो. १९९८ मध्ये 'द जॉय ऑफ ट्रेक' नावाचं पुस्तक आलं. विषय साधा. नवरा किंवा बायको स्टार ट्रेकच्या नादी लागलेली असेल, तर बिचाऱ्या दुसऱ्याने हे सगळं समजून कसं घ्यायचं. पॅरामाउंटने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला आणि विक्रीला अंतरिम मनाई मिळवली. बाजारात त्याआधी कितीतरी अनधिकृत पुस्तकं होती, तेव्हा सगळं गोड चाललं होतं. आणि हेही लक्षात घ्या, की स्टार ट्रेकचा अधिकृत कोश काढणारी 'पॉकेट बुक्स' ही तेव्हा पॅरामाउंटच्याच घरातली संस्था होती. म्हणजे दुकान आमचं, मालही आमचा, आणि समोरच्या फुटपाथवर कुणी बसायचं हेही आम्हीच ठरवणार.

कुणी म्हणेल, लेखकाच्या मेहनतीचं काय? बरोबर आहे, विचारा. १९९३ मध्ये 'ट्विन पीक्स'च्या खटल्यात (ती काही विज्ञानकथा नव्हे, पण मुद्दा तोच) अमेरिकेच्या अपील न्यायालयाने म्हटलं, की मालिकेची गोष्ट प्रसंगामागून प्रसंग अशी सगळीच्या सगळी सांगितली, तर ते गाइड राहत नाही, ती नक्कल होते. मला हे पटतं. माझ्या बातम्या जशाच्या तशा उचलून स्वतःच्या नावावर खपवणारे महाभाग आपल्या तालुक्यातच आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. पण तारीख, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, कुठल्या भागात काय घडलं याचा गोषवारा, त्यावरचं मत, ही चोरी नाही. ही नोंद आहे. गावातल्या कुठल्या वाड्यात कधी काय झालं हे लिहायला वाड्याच्या मालकाची सही लागते का?

आणि मालकाच्या सहीने निघालेल्या पुस्तकात काय नसतं, तेही सांगतो. फिल फॅरंड या लेखकाने १९९३ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेवर एक अनधिकृत गाइड काढलं. भागागणिक चुका काढल्या. आधीच्या भागात एक सांगितलं, इथे भलतंच. हे यंत्र मागच्या वेळी चाललं, आज का चालत नाही. प्रेमाने काढलेल्या चुका, पण चुकाच. कंपनी असलं पुस्तक स्वतःहून कशाला काढेल? नगरपालिकेची स्मरणिका वाचून कधी तुंबलेलं गटार कळलंय का तुम्हाला?

मी एवढा का चिडतो, तर कारण आहे. मी जिथे पहिली नोकरी केली, त्या दैनिकाच्या बारा-तेरा वर्षांच्या बांधीव फायली जागा हवी म्हणून एका दुपारी टेम्पोत भरून रद्दीला गेल्या. नाव घेत नाही. आज कुणी विचारतं, अमुक सालच्या पुराचा फोटो आहे का? मी एका म्हाताऱ्या वाचकाकडे पाठवतो, त्यांनी कात्रणं चिकटवून ठेवलीत. पेपर आमचा, इतिहास त्यांच्या ट्रंकेत.

आता आपल्या घरात या. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. मग आपली 'स्पेस सिटी सिग्मा' आली, 'इंद्रधनुष' आली, ज्यात आजचे करण जोहर पोरगेलेसे दिसतात. पुढे केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमण. पुठ्ठ्याची याने म्हणून हसा हवं तर, पण आमच्या गल्लीत त्यासाठी क्रिकेट थांबायचं. आता दुकानात जाऊन 'कॅप्टन व्योम'चं गाइड मागून बघा. दुकानदार दहावीचंच देईल! यातल्या कुठल्या भागाचं लेखन कुणाचं, वेशभूषा कुणाची, ती याने कुणी बनवली? ते कारागीर आता साठी-सत्तरीत असतील. विचारायचं तर आत्ताच विचारायला हवं. सरकारी पैशाच्या वाहिनीने स्वतःच्या मालिकांची भागवार यादी छापावी, ही मागणी काही चंद्र मागणं नाही. ते जमत नसेल तर निदान जो लिहील त्याला परवानगीच्या कागदासाठी फिरवू नका. समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, कलम ५२ मध्ये, आहे.

मी दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर 'कॅप्टन व्योम' लिहिलंय, खाली मला आठवणारे कैदी. आठवले फक्त चार. ज्यांच्याकडे टीव्हीवरून भरलेल्या जुन्या कॅसेट असतील, बुरशी लागलेल्या असल्या तरी चालतील, त्यांनी संध्याकाळी सहानंतर ऑफिसात यावं. प्राध्यापक महाशयांनाही आमंत्रण. येताना पुस्तक परत आणा म्हणावं, परवा जाताना घेऊन गेलेत.